मोकळ्या जागेतला आवाज

परभणी
सोमवार, १९ जानेवारी २०२६, सकाळी साडेसहा

शिवकन्या,

रविवार, १८ जानेवारी २०२६, सायंकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं, कारण चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला कुठलीही आगळीक घडली की आधी वेळ टिपायची सवय असते. त्या मिनिटाला तू या गावातल्या मैदानावर, आठ हजार माणसांसमोर, जे केलंस त्याबद्दल हे पत्र आहे. सुरुवातीला चि. लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे.

मला तुझ्या संयोजकांनी पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. शेजारी कुणाची तरी दोन मुलं चिवडा खात होती. तू कसला तो चमचमता परकर घालून आलीस, 'कसंय परभणी' असं ओरडलीस, मी तेही सोसलं. ते गाणं, 'राखण', दिवाळीपासून मी रोज ऐकते आहे. ऐकते म्हणजे ऐकवलं जातं. हळदीला तेच, ट्रॅक्टरवर तेच, समोरच्या व्यायामशाळेत पहाटे पाचला तेच. ते गाणं किती सुमार आहे हे मी तुला दिवाळीत फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालीस, "बाई, जॅझ ऐकणाऱ्या दोनशे लोकांसाठी किती वर्षं गाऊ?" मी म्हणाले, नीट ऐकणारे दोनशे कान पुरेसे असतात. तर तू म्हणालीस, "दोनशे लोकांचे चारशे कान होतात बाई." आणि हसलीस. मी फोन ठेवला. तेव्हापासून आपण बोललो नाही, हे मला माहीत आहे. आठवण करून द्यायची गरज नाही.

पण त्या सुमार गाण्यात एक जागा आहे. दुसऱ्या कडव्यानंतर ढोल थांबतो, शब्द थांबतात आणि नुसता आवाज येतो. हाऽऽ रे हाऽऽ, आणि मग ती लांब थरथरत जाणारी हुर्र. अर्धा मिनिट. ती जागा ऐकून मी दिवाळीत फोन ठेवूनही गाणं बंद केलं नव्हतं, हे आज सांगते. जॅझमध्ये गाणाऱ्याला अशी मोकळी जागा सोडलेली असते. तिथं शब्द नाहीत, ठरलेली चाल नाही, आणि काल जे गायलं ते आज गायचं नाही. हे तुला कुणी सांगितलं? आठवीत असताना, दुपारी चार वाजता, माझ्या घरातल्या सतरंजीवर बसवून कुणी सांगितलं? सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये मिस रोझारिओ दार लावून, सिस्टर लोक प्रार्थनेला गेल्यावर, मला पियानोवर जे वाजवून दाखवायच्या ते सगळं मी तुला दिलं. त्यांनी मला एकच नियम घालून दिला होता: मोकळ्या जागेत खोटं गायचं नाही.

काल ती जागा आली. मी नेहमीप्रमाणे डोळे मिटले. आणि पहिल्याच हाकेला कळलं की हे रेकॉर्डिंग आहे. गाण्यात आहे तेच, केसभरही फरक नाही. तिसऱ्या हाकेच्या ऐन मध्यावर घेतलेला तोच चुकीचा श्वास. मी तुला किती वेळा बजावलं होतं की हाक पुरी होईपर्यंत श्वास घ्यायचा नाही! मुंबईला राहून ते विसरलीस ते एक असो. पण निदान चूक तरी ताजी करायचीस. तू यंत्रावर ओठ हलवत उभी राहिलीस. डोळे उघडले तेव्हा तू माईक लोकांकडे धरला होतास आणि आठ हजार माणसं हुर्र हुर्र करत होती. मी उठले. चिवडेवाल्या मुलांच्या आईनं विचारलं, "आजी, तब्येत बरी नाही का?" मी म्हणाले, माझी उत्तम आहे.

वाईट मला याचं वाटत नाही की तू लोकांसाठी गायलीस. तू गायली नाहीस, याचं वाटतं.

मला लेखी उत्तर हवं. स्वतःच्या हातानं, कागदावर. त्या जागेत तू का गायली नाहीस, आणि ती जागा तू माझ्या घरी शिकलीस हे कुठल्याही मुलाखतीत का सांगत नाहीस. परवाच एका मुलाखतीत तू म्हणालीस की ते 'आईकडून आलं'. कस्तुराबाईंबद्दल मला आदर आहे, पण त्यांना जॅझ येतं हे मला नवीन आहे. शनिवार, २४ जानेवारी, सायंकाळी पाचपर्यंत पत्र माझ्या हातात पडलं नाही, तर मी हे सगळं बन्सीधरच्या दैनिकात छापायला देईन. पुढे रविवार आणि सोमवारी झेंडावंदनाची सुट्टी, तेव्हा पोस्टाची सबब चालणार नाही.

अनसूया चारठाणकर


परभणी
रविवार, २५ जानेवारी, दुपारी

शिवकन्या,

मुदत काल संपली. पत्र आलं नाही.

शुक्रवारी रात्री माझ्या मोबाइलवर तुझा एक निरोप आला. "बाई, पत्र मिळालं. प्लीज पेपरात नका देऊ. समजावून सांगते, पण लिहून नाही सांगता येणार." मी चष्मा लावून दोनदा वाचला. लेखी उत्तर मागितलं असताना लिहून सांगता येणार नाही हे लिहून कळवणं, याला काय म्हणावं? मी तुला व्याकरणही शिकवलं होतं असं मला आठवतं. मोबाइलवरचं उत्तर मी उत्तर धरत नाही. उद्या माणसं लग्नाला होकारही अंगठ्यानं देतील.

बन्सीधरला मजकूर दिला. तू त्याला ओळखतेस. त्याची आई आमच्या शाळेत शिवण शिकवायची. संपादक झाला तरी माझ्यासमोर खुर्चीत बसत नाही. वाचून म्हणाला, "मावशी, छापतो, पण तिला एकदा विचारलं का?" मी म्हणाले, विचारलं, मुदत दिली, मुदत संपली. "तसं न्हाई," म्हणाला, "गावातली पोरगी हाय. आपल्याकडनं तिच्या एवढं वर कोण गेलंय?" मी त्याला सांगितलं की वर जाणाऱ्याकडेच खालून नीट बघायचं असतं. त्यानं मजकूर घडी करून खिशात घातला. त्याला पटलं नाही, पण मावशी म्हणतो ना.

हे लिहिताना तीनदा उठले. एकदा खिडकी लावायला, कारण रस्त्यावरून तेच गाणं चाललं होतं. एकदा खिडकी उघडायला. तिसऱ्यांदा का उठले ते आठवत नाही.

तू पेडगावहून आलीस तो दिवस मला स्पष्ट आठवतो. कस्तुराबाईंनी ज्वारीचं पोतं दाराशी टेकवलं आणि म्हणाल्या, "बाई, हिला शिकवा. हिचा गळा मोठा हाय, भांडायला तरी कामी येईल." तुझे वडील लिंबाजी अंगणातच उभे राहिले, आत आले नाहीत. पहिल्या महिन्यात तू गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर चिमण्या बसल्या म्हणून अशी ओरडलीस की शेजारचे वकील पक्षकार सोडून बाहेर आले. मी तुला तिथल्या तिथं सांगितलं की पेडगाव चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचं. कडक वाटलं असेल. त्याशिवाय तुझा आवाज आवाज झाला नसता. तीन वर्षं तुला माझ्या जॅझच्या रेकॉर्डवरचं काही जमत नव्हतं. मग दहावीच्या उन्हाळ्यात एका दुपारी एकदम जमलं. मी चहाचा कप हातात धरून बसले होते, तो तसाच गार झाला. ती दुपार माझी आहे. ती तू कुणालाही देऊन टाकू शकत नाहीस.

पत्र बुधवारी छापून येईल.

अ. चा.


परभणी
शुक्रवार, ३० जानेवारी, सकाळी

शिवकन्या,

आलं छापून. कात्रण सोबत जोडलं आहे. मथळा माझा नाही. 'ओठ गायिकेचे, आवाज यंत्राचा' असा बटबटीत मथळा मी दिला नसता. बाकी मजकूर माझा, शब्द न शब्द.

मला वाटलं होतं तू चिडशील, निदान दोन पानं तरी लिहिशील. त्याऐवजी भलतंच झालं. काल रिक्षावाला मला म्हणाला, "तुमीच का त्या पेपरातल्या बाई? बरं केलं बगा. लय उडायलती." मी त्याला रिक्षा थांबवायला सांगितलं आणि अर्धा रस्ता पायी आले. उडायलती म्हणे. तुझी ओठ हलवतानाची चित्रफीत कुणीतरी जोडजाड करून मोबाइलवर फिरवली आहे, त्यात तुझ्या तोंडी कोंबड्याचा आवाज घातला आहे. भाजीवाली मला ती दाखवून हसली. तिला वाटलं मी खूश होईन.

मानवतच्या व्यापारी मंडळानं पंधरा फेब्रुवारीचा तुझा कार्यक्रम रद्द केला, हे बन्सीधरनं फोनवर सांगितलं. त्याचा आवाज काही मला आवडला नाही. "मावशी," म्हणाला, "आता तुमचं समाधान झालं असंल." मी म्हणाले, समाधान हा माझा हेतू नव्हता, खरं काय ते हवं होतं. "मग खरं काय हाय?" म्हणाला.

उत्तर मला माहीत होतं. तरी मी फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले आणि काही कारण नसताना डबे पुसले.

कार्यक्रम रद्द व्हावा असं मी कुठे लिहिलं होतं? मी एका जागेबद्दल लिहिलं होतं. लोक सगळ्या गाण्याबद्दल बोलतात, तुझ्या कपड्यांबद्दल बोलतात, तू अजून लग्न का केलं नाहीस याबद्दल बोलतात. माझ्या पत्रात यातलं एक अक्षर नाही. तू तरी तसं सांग त्यांना. पण तू काहीच सांगत नाहीस. एवढं सगळं होऊनही तू तोंड उघडत नाहीस. खरं असतं तर बोलली असतीस, असं मी स्वतःला दिवसातून पाच वेळा सांगते. पाच वेळा सांगावं लागतं, हे मला आवडत नाही.

म्हणून परवा मी पेडगावला जाते आहे. कस्तुराबाईंकडून लिहून घेणार आहे की तुझं गाण्याचं शिक्षण माझ्या घरी झालं आणि त्यांचा गाण्याशी काही संबंध नाही. मजकूर टाइप करून घेतला आहे. त्यांची सही झाली की तुझी ती मुलाखत खोटी ठरते आणि हा विषय माझ्या बाजूनं मिटतो.

अ. चा.


परभणी
सोमवार, २ फेब्रुवारी, पहाटे पाच

शिवकन्या,

व्यायामशाळेत गाणं सुरू झालं आहे. आज खिडकी उघडी ठेवली आहे.

काल सकाळी अकराला पेडगावात उतरले. घराला कडी होती. तुझे काका भुजंगराव ओट्यावर दाढी करत बसले होते. म्हणाले, "वहिनी शेतात हाय, राखणीला. भोरड्यांच्या थव्यांनी लय धुडगूस घातलाय यंदा." मी बांधावरून निघाले. पायात शहरातल्या चपला, हातात पर्स, पर्समध्ये टाइप केलेला कागद. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर होती. कणसं भरलेली. चार बल्ल्यांवर बांधलेला तो माळा दिसायच्या आधी मला हाक ऐकू आली.

मी सवयीनं डोळे मिटले.

पहिली हाक. दुसरी हाक. तिसऱ्या हाकेच्या ऐन मध्यावर श्वास. मग उरलेली हाक, आणि ती लांब हुर्र.

डोळे उघडले आणि तशीच पुढे गेले. माळ्यावर तुझी आई उभी होती. एक हाक घातली, दुसरी घातली, तिसरी अर्धी घालून वाकली, पायाशी ठेवलेल्या ढिगातला खडा उचलून गोफणीत घातला, सरळ होत उरलेली हाक पुरी केली आणि गोफण फिरवून सोडली. भोरड्यांचा थवा उठून शेजारच्या रानात गेला. वाकताना श्वास घ्यावाच लागतो. तो चुकीचा श्वास नाही. तिथं दुसरीकडे कुठंही श्वास घेता येणार नाही.

बावीस वर्षं मी तुझा आवाज ओळखते असं सांगत फिरले. आठ हजार माणसांत कान फक्त मला आहेत असं मला वाटलं होतं. गाण्यातला आवाज तुझा नाही, हे मला दिवाळीपासून कळलं नाही.

त्या खाली उतरल्या. पदरानं तोंड पुसलं. "बसा की बाई. लय दिसांनी. हितं खुर्ची न्हाई."

मी बांधावर बसले.

"कस्तुराबाई, त्या गाण्यातला आवाज तुमचा आहे."

त्यांनी आधी मागं वळून बांधाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"तिनं सांगितलं न्हाई नं?"

"नाही. तिनं मला काहीच सांगितलं नाही."

"मग बरं," म्हणाल्या आणि माझ्यासमोर मातीत बसल्या. मग त्यांनी सांगितलं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मला ते नीट समजलं की नाही हे तू तपासावंस. लिंबाजी गेले त्याचा पाचवा दिवस होता. सुतक. घरातल्या कुणी रानात जायचं नाही, शेजाऱ्यांनी बघायचं. शेजारी दोन दिवस बघत होते, तिसऱ्या दिवशी त्यांच्याच रानात थवे उतरले. "सगळी ज्वारी डोळ्यादेखत चालली व्हती बाई. त्यांनी पेरलेली. म्या उठले न् चढले माळ्यावर. हाक घातली तर तोंडातनं हाक निघाली का रडणं निघालं, मलाच कळंना. पोरगी मला न्यायला आली व्हती. आली न् बांधावरच उभी राहिली, फोन धरून. म्या म्हणलं, फोटू काढायलीस का गं माझा? तर बोलंना."

मग सहा महिन्यांनी तू विचारलंस, माय, हे गाण्यात घालू का.

"म्या म्हणलं, घाल. पण माझं नाव घालू नको. कुणालाच सांगू नको. हे बगा, भावकी हाय, दीर हाय. सुतकात माळ्यावर जाऊन गाणं म्हणली म्हणतील. म्या गाणं न्हाई म्हणलं बाई. म्या पाखरं हाकलली."

"पण आता लोक त्यावर नाचतात, कस्तुराबाई. हळदीत."

"नाचू द्या की!" त्या हसल्या. तुझे वरचे दात तसेच आहेत. "आमच्या चुलत्याच्या पोरीच्या हळदीत म्या पण नाचले. कुणालाच ठावं न्हाई. मला लय मजा वाटली."

तुझ्या दोनशे लोकांच्या हॉलमध्ये हे गायलं गेलं असतं तर टाळ्या वाजल्या असत्या, कुणी डोळे पुसले असते, आणि ते त्या हॉलमध्येच राहिलं असतं. पेडगावात ऐकू आलं नसतं. फोनवर तू मला हे सांगायला निघाली होतीस का? कानांचा हिशेब करून तू विनोद केलास असं मला वाटलं होतं.

मग त्यांनी विचारलं, "पेपरात काय आलंय वो? मला वाचता येत न्हाई सारं. भुजंगराव म्हणायलेत, पोरगी फसवी निघाली असं आलंय. कुणी लिवलं?"

मी सांगितलं. मी लिहिलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. गोफणीचा दोर बोटाला गुंडाळत राहिल्या. "तुमी कामून लिवलं असं?" एवढंच म्हणाल्या. रागानं नाही. त्यांना खरंच समजत नव्हतं.  मग म्हणाल्या, "तुमी हे गेले तव्हाही आला न्हाईत." मी तेव्हा छापील पत्र पाठवलं होतं. रस्ता खराब होता असं मी त्या वर्षभर लोकांना सांगितलं. रस्ता चांगला डांबरी आहे, काल पाहिला. त्या महिन्यात तू पहिल्यांदा मला फोनवर म्हणाली होतीस की जॅझ पुरे झालं, आणि मला तुझं तोंड बघायचं नव्हतं. खरं ते एवढंच आहे.

जायला उठले तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यो पर्समधला कागद माझ्यासाठी आणला का? सही करायची का कुठं?" आणि लुगड्याला हात पुसून पेनासाठी पुढे केला. काय लिहिलंय हे विचारलंसुद्धा नाही. मी म्हणाले, तो कागद चुकला आहे.

परत येताना आणखी एक समजलं. दहावीच्या उन्हाळ्यातल्या त्या दुपारी तुला जे एकदम जमलं ते रेकॉर्डवरचं नव्हतं. तीन वर्षं तू माझ्यासारखं करायचा प्रयत्न करत होतीस. त्या दुपारी तू प्रयत्न सोडलास. मी चपलांबरोबर बाहेर ठेवायला सांगितलेलं तू आत आणलंस आणि मला ते जॅझ वाटलं. कदाचित ते जॅझच होतं. मिस रोझारिओ असत्या तर त्यांना विचारलं असतं.

हे सगळं फक्त तुला लिहिते आहे. पत्र वाचून फाड.

अ. चा.


परभणी
गुरुवार, ५ फेब्रुवारी, दुपारी चार

शिवकन्या,

काल बन्सीधरकडे गेले. त्याला म्हणाले, मला माझं पत्र मागं घ्यायचं आहे. तो पहिल्यांदा माझ्यासमोर खुर्चीत बसला. "का म्हणून?" म्हणाला. मी म्हणाले, ते सांगता येणार नाही. "मावशी, असं कसं? तुमीच तर म्हणला व्हता, खरं पायजे." मी म्हणाले, खरं आहे, पण ते माझं नाही. तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं मी आजवर मुलींकडे बघत आले, गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या.

मी तीन मजकूर लिहिले आणि फाडले. पहिल्यात मी आजारी होते असं लिहिलं. ते खोटं होतं. दुसऱ्यात खरं लिहिलं, आणि ते वाचून पेडगावात काय होईल ते मला दिसलं. तुझे काका दाढीचा वस्तरा ठेवून घरात येतील. तेवढं टाळायला तू कोंबड्याचा आवाज सोसलास, मानवत गमावलंस, आणि मला एक शब्द बोलली नाहीस. मी मागितलेलं उत्तर तुला द्यायचं झालं असतं तर आईला दिलेला शब्द मोडावा लागला असता. मला हे कसं कळावं असं मी म्हणू शकते. पण तू लिहिलं होतंस, लिहून नाही सांगता येणार. ते मी वाचलं आणि त्यातली चूक काढली.

आता हा मजकूर आहे. अक्षर न बदलता देते:

"२८ जानेवारीच्या अंकात मी लिहिलेलं पत्र चुकीचं होतं. शिवकन्या ओठ हलवत होत्या असं मी लिहिलं. ते मी पाहिलेलं नाही. मी डोळे मिटून बसले होते. त्या दिवशीची चित्रफीत, जोडजाड न केलेली, मी आता पूर्ण पाहिली. त्या अर्ध्या मिनिटात त्यांचे ओठ बंद आहेत आणि मान खाली आहे. त्या जागी येणारा आवाज त्यांचा नाही आणि तो आपला आहे असं त्या कधीही म्हणाल्या नाहीत. तो कुणाचा आहे हे सांगणं त्यांच्यावर बंधनकारक नाही आणि ते विचारण्याचा मला अधिकार नव्हता. त्या आवाजावर त्या गात नाहीत, थांबतात. त्याला फसवणूक म्हणणारी मी, संगीत शिकवल्याचा दावा करणारी, त्यांची आणि त्यांच्या श्रोत्यांची क्षमा मागते. मानवतच्या मंडळानं माझ्या पत्रावरून कार्यक्रम रद्द केला असेल, तर तो निर्णय एका ऐकू न येणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून झाला, हे त्यांनी ध्यानात घ्यावं."

बन्सीधर म्हणाला, "मावशी, लोक हसतील तुम्हाला." मी म्हणाले, हसू दे, त्यांच्या हसण्याची तालीम झालेली आहे. मग त्यानं एक शंका काढली आणि ती रास्त आहे. 'तो आवाज त्यांचा नाही' एवढं छापलं तर लोक विचारायला लागतील, मग कुणाचा? पेडगावपर्यंत विचारत जातील का? भुजंगराव रोज दाढी करताना ती हाक ऐकतात आणि त्यांना अजून कळलेलं नाही, पण छापलेलं वाचून माणसं ज्याकडे कान देत नाहीत त्याकडे द्यायला लागतात. ते वाक्य काढलं, तर तू निर्दोष आहेस हे सिद्ध होत नाही. ठेवलं, तर तुझी आई उघडी पडू शकते. मी हे तिसऱ्यांदा एकटीनं ठरवणार नाही. दोनदा ठरवलं, त्याचं काय झालं ते तू बघते आहेस.

म्हणून छापायचं थांबवलं आहे. बन्सीधर हा मजकूर बुधवारी संध्याकाळी पानात लावणार आहे. बुधवार, ११ फेब्रुवारी, दुपारी चारपर्यंत मला तुझं लेखी उत्तर हवं. मोबाइलवर चालेल. वाक्य ठेवू की काढू, का मजकूरच देऊ नको, एवढंच लिही. कस्तुराबाईंना विचारून लिही. त्यांच्या होकाराशिवाय तुझा होकार मी धरणार नाही.

तुझ्या गळ्यात माझं काही आहे की नाही, हे मी विचारत नाही. त्याला मुदत नाही. या पत्राचं उत्तर बुधवारी चारच्या आत.

अनसूया चारठाणकर